छोटा संगणक अडतो तेव्हा



आज ज्या यंत्राविषयी बोलायचे आहे ते पत्त्याच्या पानाएवढे आहे. एक हिरवी पाटी, तिच्यावर चार-दोन काळ्या चिपा, कडेला चाळीस टाचण्यांची दुहेरी ओळ, आणि खालच्या अंगाला नखाएवढे मेमरी कार्ड सरकवण्याची खाच. पण हा पुरा संगणक आहे. टीव्हीला जोडा, कळफलक जोडा, की काम सुरू. याचे नाव रास्पबेरी पाय. इंग्लंडातल्या केंब्रिज येथील काही मंडळींनी, मुलांना संगणक नुसता वापरता न येता त्याचे पोटही उघडून पाहता यावे म्हणून, तो तयार केला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आणला. भाव वरखाली होतात. पण एका क्विंटल कापसाच्या पट्टीत एक बरासा बोर्ड येतो, असा आपला वऱ्हाडी हिशेब धरायला हरकत नाही.

अमरावती-अकोल्याच्या कॉलेजांत ही पाटी आता नवलाची राहिलेली नाही. खेड्यातल्या हायस्कुलांतही ती क्वचित दिसते. परंतु शाळेत आली म्हणजे चालली असे होत नाही. मी पाहिलेल्या दोन शाळांत ती कपाटात आहे. एकदा काही तरी अडले, कोणाला उमगेना, आणि 'उगाच अधिक बिघडायला नको' म्हणून कपाटाला कुलूप लागले. ही गोष्ट जुनीच आहे. १९८४ साली आपल्या देशात 'क्लास' नावाची योजना निघाली, तेव्हा शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे संगणक मिळाले होते. ते बनवणारी कंपनी एकॉर्न. मौज अशी की, त्याच कंपनीत १९८५ च्या सुमारास 'आर्म' जातीची चिप जन्मली आणि तिचीच वंशज आज या हिरव्या पाटीवर बसली आहे. चिपेची चाळीस वर्षांत एवढी वाढ झाली. कुलपाची सवय मात्र जिथल्या तिथे. म्हणून आज बोलायचे आहे ते बोर्ड अडला तर काय पाहावे, याबद्दल. आणि त्यातही मुलांनी स्वतः कर्नल बांधून चढवला आणि बोर्ड अडला, तर काय पाहावे, याबद्दल.

कर्नल म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना फौजेतला साहेब आठवेल. हा तो नव्हे. इंग्रजीत उच्चार जवळपास एक असला तरी या शब्दाचा अर्थ गर किंवा गाभा. आपल्या भाषेत सांगायचे तर बोंडातली सरकी. वर दिसते ती रुई. म्हणजे पडद्यावरची चित्रे, पत्र लिहिण्याचा कार्यक्रम, गाणी वाजवणारा कार्यक्रम. आत सरकी असते, आणि पुढचे झाड तिच्यातून उगवते. वीज, स्मृती, कार्ड, वायफाय, टाचण्यांना जोडलेली उपकरणे, या सगळ्यांशी जो प्रत्यक्ष बोलतो आणि कोणाला केव्हा काय मिळावे हे ठरवतो, तो कर्नल. या बोर्डावर चालतो तो लिनक्स कर्नल. फिनलंडमधील हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो १९९१ साली सुरू केला. आज त्यात तीन कोटींहून अधिक ओळी आहेत आणि एकूण एक ओळ कोणालाही वाचायला, बदलायला मोकळी आहे. हे मोकळेपण आहे म्हणूनच कॉलेजातला पोरगा तो उतरवून घेतो, त्यात फेरफार करतो आणि आपल्या हाताने बांधतो.

आता कोणी विचारील की, आयता मिळत असताना हा उपद्व्याप कशासाठी? त्याचे उत्तर एका उदाहरणाने देतो.

दर्यापूरकडची, म्हणजे खारपाणपट्ट्यातली तीन मुले माझ्या वर्गात होती. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून जातो. जमीन काळीभोर, सोन्यासारखी. पण विहिरीचे पाणी खारे. ते पाणी हरभऱ्याला दिले तर एक वेळ पीक दिसेल, पण माती धरून बसते आणि पुढची सालं खराब होतात. म्हणून शेततळ्यातले गोडे पाणी किती उरले, त्यात खारेपणा किती चढला, हे कास्तकाराला कळणे फार मोलाचे. मुलांनी बोर्डाला खारेपणा मोजणारी कांडी जोडली आणि तासातासाची नोंद ठेवायला सुरुवात केली. आठ-दहा दिवसांनी एका मुलाचे वडील मला म्हणाले, "सर, हे डब्बं पाण्याचं बराबर सांगते, पण येळ काहून खोटी सांगते जी?"

त्यांचे म्हणणे बिनचूक होते. पाणी सोडले संध्याकाळी, आणि वहीत नोंद दुपारची! कारण असे की, या बोर्डाच्या पाय ४ पर्यंतच्या वाणांना स्वतःचे सेलवर चालणारे घड्याळ नाही. पाय ५ मध्ये ती सोय आली, तीही सेल वेगळा जोडला तर. इंटरनेट असेल तर बोर्ड तिथून वेळ विचारून घेतो. वावरात इंटरनेट कुठले? वीज गेली की बोर्ड झोपतो, आणि उठला की शेवटी लिहून ठेवलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागतो. वीज सहा तास गेली तर घड्याळ सहा तास मागे. मुलांनी मग डीएस ३२३१ नावाची, सेलवर चालणारी घड्याळाची चिप आणून लावली, आणि ठरवले की हिचा ड्रायव्हर आपण कर्नलच्या पोटातच बांधू, म्हणजे बोर्ड जागा होतानाच त्याला खरी वेळ कळेल.

माझे स्पष्ट मत सांगतो. नुसत्या घड्याळासाठी कर्नल बांधण्याची गरज नव्हती. आयत्या कर्नलसोबत तो ड्रायव्हर येतो. 'कॉन्फिग' नावाच्या फायलीत एक ओळ लिहिली की तो जागा होतो. शिक्षक मित्रांनी मुलांना पहिला प्रश्न हाच करावा: बांधणीवाचून भागते का? दहांतल्या आठ वेळा भागते. बांधावे केव्हा, तर जोडलेल्या उपकरणाचा ड्रायव्हर आयत्या कर्नलमध्ये बंद ठेवलेला असेल तेव्हा. किंवा क्षणाचाही उशीर न चालणारे काम असेल तेव्हा. नाही तर शिकण्यासाठी. या मुलांना मी परवानगी दिली ती शेवटच्या कारणासाठी. ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय फळ्यावर वर्षभर शिकवून जे पोचत नाही, ते एका अडलेल्या बोर्डाने आठवड्यात पोचते.

बोर्ड अडला की मुले काय करतात? कार्ड पुसतात आणि सगळे पहिल्यापासून मांडतात. मला ही सवय मुळीच पसंत नाही. पुसले की पुरावाही पुसला गेला. चुकले काय हे न कळता दुसऱ्या खेपेस चालले, तरी तिसऱ्या खेपेस पुन्हा अडणारच. त्यापेक्षा बोर्ड कोणत्या पायरीवर अडला ते शोधावे.

पायऱ्या अशा आहेत. वीज आली की चिपेच्या आत कायम कोरलेला एक छोटा कार्यक्रम जागा होतो. तो चढवणाऱ्या कार्यक्रमाला, म्हणजे बूटलोडरला, उठवतो. बूटलोडर कार्डाच्या पहिल्या भागातली ती 'कॉन्फिग' फाईल वाचतो, तिच्यात सांगितलेला कर्नल उचलतो, त्याच्यासोबत बोर्डावर काय काय आहे याची यादी देतो आणि एका ओळीचा हुकूम देतो की, मुख्य घर कार्डाच्या अमुक भागात आहे. कर्नल उठतो, ते घर उघडतो, आणि मग बाकीचे सारे सुरू होते. जिथे ही साखळी तुटेल तिथे खूण पडते. ती खूण वाचायची.

पण त्याही आधी वीज पाहा. आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार इथे सर्रास होतो. मोबाईलचा जुना चार्जर, त्याला बाजारातली बारीक तार. बोर्ड उठतो, थोडे चालतो आणि मध्येच मान टाकतो. दोष येतो नव्या कर्नलवर. पाच व्होल्टची वीज ४.६३ व्होल्टच्या खाली घसरली की बोर्ड तशी नोंद करतो आणि टीव्ही जोडलेला असेल तर कोपऱ्यात विजेचे चिन्ह दाखवतो. 'व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड' असा हुकूम द्यावा. उत्तरात शून्य आले तर वीज ठीक. दुसरे काही आले तर कर्नलला हात लावण्याआधी चार्जर आणि तार बदलावी, आणि बोर्ड तापला होता का तेही पाहावे. कारण ८० अंशांवर गेला की तो स्वतःहून आपली गती कमी करतो आणि त्याचीही नोंद याच उत्तरात असते. अकोल्याच्या मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, ८० अंश म्हणजे काही लांबचा पल्ला नव्हे.

वीज ठीक आहे असे धरून पुढे जाऊ. इथे मी मुलांना विचारतो, "तुम्ही बांधलेलाच कर्नल चालू आहे, हे तुम्हाला कशावरून कळले?" बहुधा उत्तर येते, "सर, आम्ही कॉपी केला ना." कॉपी केला, पण कुठे? २०२३ च्या अखेरीस या बोर्डाच्या नेहमीच्या लिनक्सची 'बुकवर्म' नावाची आवृत्ती आली. तिच्यात कार्डाचा पहिला भाग 'बूट' या फोल्डरात न उघडता त्याच्या आतल्या 'फर्मवेअर' या फोल्डरात उघडू लागला. जुने पाठ आणि जुने व्हिडिओ अजून 'बूट'मध्येच टाका म्हणतात. मुले तिथे टाकतात, बोर्ड मात्र 'फर्मवेअर'मध्ये वाचतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आणि गंमत अशी की काहीच बिघडत नाही. जुना कर्नल मुकाट्याने उठतो, मुले खूश होतात, आणि दोन दिवस आपला बदल का दिसत नाही म्हणून कोड वाचत बसतात.

यावर उपाय सोपा आहे. बांधण्यापूर्वी मांडणीत 'लोकल व्हर्शन' नावाचा एक रकाना असतो. त्यात आपली खूण घालावी. गावाचे नाव घाला, हजेरी क्रमांक घाला. बोर्ड उठल्यावर 'युनेम वजा आर' असा हुकूम द्यावा. उत्तराच्या शेवटी आपली खूण दिसली तर कर्नल आपला. नाही दिसली तर बाकी सगळी चर्चा व्यर्थ.

याच पायरीवर दुसरा एक चकवा आहे. पाय ४ वर ३२ बिटांची प्रणाली चढवलेली असली, तरी २०२३ पासूनचे बूटलोडर आपल्या मर्जीने ६४ बिटांचा कर्नल उचलतात. मुले ३२ बिटांचा बांधून ठेवतात आणि वाट पाहतात. 'कॉन्फिग' फाईलमध्ये कोणता उचलायचा ते साफ लिहावे. किंबहुना मी तर सांगतो की, नव्या कर्नलला नवेच नाव द्यावे, जुन्याच्या नावावर तो कधीही लिहू नये, आणि फाईलमध्ये 'कर्नल बरोबर' असे लिहून पुढे ते नवे नाव घालावे. नवा अडला तर कार्ड काढायचे, दुसऱ्या संगणकात घालायचे, ती एक ओळ पुसायची, की जुना पुन्हा हजर. नवी विहीर लागेपर्यंत जुनी कोणी बुजवते का?

बोर्ड मुळीच उठला नाही, तर हिरवा दिवा पाहावा. तो उगाच लुकलुकत नाही, मोजून लुकलुकतो. सात वेळा लुकलुकून थांबला, पुन्हा सात वेळा, तर त्याला कर्नलची फाईल सापडत नाही. नाव चुकले, नाही तर जागा चुकली. चार वेळा लुकलुकला तर कर्नलच्याही आधीची, बूटलोडरला लागणारी फाईल हरवली आहे. आणि पडद्यावर इंद्रधनुष्यासारखा रंगीत चौकोन येऊन तसाच राहिला, तर फाईल सापडली, पण कर्नल उभा राहू शकला नाही. अशा वेळी बहुधा दुसऱ्याच वाणाच्या बोर्डासाठी बांधणी झालेली असते. पाय ४ साठी मांडणी २७११ या आकड्याची, पाय ५ साठी २७१२ ची. हा आकडा वहीत लिहून मगच पुढे जावे. कधी कधी कार्डाचा पहिला भाग भरलेला असतो आणि कर्नल अर्धाच उतरतो. फाईल दिसते, पण धड नसते. तेव्हा आकार ताडून पाहावा.

आता समजा बोर्ड उठला, आपली खूणही दिसली, पण वायफाय गेले. ही तक्रार माझ्याकडे सर्वांत जास्त येते, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

आपल्याकडे मूर्तिजापुरला शकुंतला गाडी होती. एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. ती आता बंद आहे. परंतु वयस्क श्रोत्यांना आठवत असेल की तिचे रूळ अडीच फुटी होते, आणि मूर्तिजापुरातूनच जाणारी मुंबई-हावडा लाईन साडेपाच फुटी. दोन्ही आगगाड्याच, दोन्ही एकाच स्टेशनात. पण शकुंतलेचा डबा उचलून मोठ्या इंजिनाला जोडता येत नव्हता. कापसाच्या गाठी उतरवून पुन्हा चढवाव्या लागत. कर्नल आणि मोड्यूल यांचे नाते असेच आहे. कर्नलचे काही अवयव पोटात बांधलेले असतात आणि काही सुटे, डब्यांसारखे, लागेल तेव्हा जोडायचे. या सुट्यांना मोड्यूल म्हणतात. वायफायचा ड्रायव्हर बहुधा सुटा असतो. ज्या बांधणीचा कर्नल, त्याच बांधणीचे मोड्यूल लागतात. नावात एका अक्षराचा फरक पडला तरी कर्नल त्यांना हात लावत नाही. 'इन्व्हॅलिड मोड्यूल फॉरमॅट' म्हणतो, किंवा आपल्या नावाचे फोल्डरच सापडत नाही म्हणतो. म्हणून 'लिब'च्या आत 'मोड्यूल्स' या फोल्डरात पाहावे: 'युनेम'ने जे नाव सांगितले, अगदी त्याच नावाचे फोल्डर तिथे आहे का? नसेल तर मोड्यूल चढवण्याची पायरी राहून गेली.

यात एक हसू येण्याजोगा प्रकार घडतो. मुले बांधणी कॉलेजच्या मोठ्या संगणकावर करतात, आणि तेच शहाणपणाचे आहे. पण मोड्यूल कुठे ठेवायचे हा पत्ता सांगायला विसरतात. मग मोड्यूल जाऊन बसतात कॉलेजच्याच संगणकात, आणि कार्डावर जातो एकटा कर्नल. इंजिन अचलपूरला पोचले आणि डबे मूर्तिजापुरातच!

सुटे आणि पोटातले, हा भेद कळला की सर्वांत भिववणारी चूकही समजते. पडद्यावर अक्षरांचा पूर येतो आणि शेवटी 'कर्नल पॅनिक' असे शब्द दिसतात. पॅनिक म्हणजे घाबरगुंडी. पण आपण घाबरू नये. त्यातली 'अनेबल टू माउंट रूट एफएस' ही ओळ शोधावी. अर्थ एवढाच की, कर्नल उठला, पण मुख्य घराचे दार त्याला उघडता आले नाही. त्याच ओळीच्या शेवटी कंसात दोन आकडे असतात. शून्य आणि शून्य असतील तर त्याला घराचा पत्ताच लागला नाही: एक तर हुकुमाच्या ओळीतला पत्ता चुकला आहे, नाही तर कार्डाच्या खाचेचा ड्रायव्हर नाही. १७९ आणि २ असे आकडे असतील तर कार्डाचा दुसरा भाग दिसतो आहे, पण त्यावरची लिपी वाचता येत नाही. बहुधा काय झालेले असते? 'कर्नल हलका करू' म्हणून मुलांनी यादीतून बरेच काही गाळलेले असते, आणि त्या झपाट्यात फाइल सिस्टिमचा ड्रायव्हर पोटातून काढून सुटा केलेला असतो. सुटे मोड्यूल असतात घराच्या आत. घर उघडायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर घरात. पेटीची किल्ली पेटीत ठेवून कुलूप लावण्यातला हा प्रकार. मांडणीच्या यादीत अशा ओळीपुढे एम अक्षर असते ते बदलून चांदणी करावी, म्हणजे तो अवयव पोटात जातो.

गाळण्याच्या हौसेबद्दल एक शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. डवरणी करताना तण कोणते आणि पऱ्हाटी कोणती हे ओळखता आले पाहिजे. मुले यादीतले न कळणारे नाव दिसले की उपटतात. एका वेळी एकच ओळ बदलावी, बांधावे, चढवून पाहावे, वहीत लिहावे. वेळ लागतो खरा. पण वीस ओळी एकदम बदलून अडल्यावर कोणती नडली हे शोधायला त्याच्या दसपट वेळ लागतो. मांडणीची फाईल टिंबाने सुरू होते म्हणून ती डोळ्यांआड असते. चालू असलेल्या कर्नलची ती फाईल तारीख घालून बाजूला ठेवावी.

आता घड्याळाची गोष्ट पुरी करतो. मुलांचा कर्नल उठला, वायफाय आले, पण घड्याळ काही सापडेना. ड्रायव्हर तर पोटात होता. मग अडले कुठे? बूटलोडर कर्नलला बोर्डाची जी यादी देतो असे मघा म्हटले, तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. मी वर्गात तिला सातबारा म्हणतो. तलाठ्याकडे गेलात तर तो वावर पाहायला येत नाही, उतारा पाहतो. तुम्ही शेतात विहीर खणली, पण नोंद केली नाही, तर कागदोपत्री ती विहीर नाहीच. कर्नलचेही तसेच. घड्याळाची चिप तारांनी जोडली. पण उताऱ्यावर तिची नोंद नाही, म्हणून कर्नल तिच्याकडे बघेना. 'कॉन्फिग' फाईलमध्ये तिच्या नावाची ओळ घालणे म्हणजे फेरफार करून घेणे.

याची परीक्षा फार सुरेख आहे. 'आयटूसी डिटेक्ट' नावाचा हुकूम त्या तारांवर कोण कोण उत्तर देते याचा तक्ता काढतो. या चिपेचा घर नंबर ६८. तक्त्यात ६८ च्या जागी काहीच नसेल तर दोष तारांचा. कर्नलला बोल लावू नये. ६८ हा आकडा दिसला तर चिप जिवंत आहे, पण ड्रायव्हरने तिचा ताबा घेतलेला नाही, नोंद पाहावी. आणि तिथे यू यू अशी दोन अक्षरे आली तर ताबा घेतलेला आहे. मुलांच्या तक्त्यात ६८ होते. फेरफाराची ओळ घातली, बोर्ड पुन्हा उठवला, यू यू आले. त्यानंतर मुद्दाम सात-आठ तास बोर्ड बंद ठेवून पाहिला. वेळ बरोबर निघाली, आणि मग तो वावरात गेला.

बांधणी चालू असतानाच अडण्याचे प्रकार त्या मानाने साधे. एक जीबी स्मृतीच्या बोर्डावर चार कामे एकदम लावली की मध्येच 'किल्ड' एवढाच शब्द येतो आणि काम बंद पडते. हा कोडचा दोष नव्हे, स्मृती पुरली नाही. एक किंवा दोनच कामे लावावीत. दुसरे म्हणजे सगळा इतिहास घेऊन हा कोड उतरवला तर काही जीबींचा मोबाईल डेटा एका बैठकीत संपतो. उतरवताना 'डेप्थ एक' असे सांगितले की फक्त आजची प्रत येते. खेड्यातल्या मुलाला हे आधी सांगावे, रिचार्ज संपल्यावर नव्हे.

ज्या शिक्षकांना स्वतः हात घालावासा वाटतो त्यांनी लिनक्सची तोंडओळख करून घेण्यासाठी मुंबई आयआयटीचे 'स्पोकन ट्युटोरियल' पाहावेत. त्यांतले पुष्कळ पाठ मराठीत ऐकायला मिळतात. कर्नलची बांधणी हा पुढचा टप्पा, पण हुकूम कसा द्यावा आणि फाईल कुठे असते याची भीती तिथे मोडते.

शाळेच्या कपाटात बोर्ड असेल, तर त्याच्या शेजारी आणखी काही वस्तू ठेवाव्यात. बोर्डाला पुरेल असा जाड तारेचा चार्जर, चालू स्थितीतले एक दुसरे कार्ड, आणि यूएसबीला लागणारी सिरियल तार. या शेवटच्या वस्तूचे महत्त्व फार. टीव्ही नसला, पडदा काळा राहिला, तरी कर्नल उठताना जे जे बोलतो ते या तारेतून दुसऱ्या संगणकावर अक्षरांत वाचता येते. पाय ४ वर सहावी टाचणी जमिनीची, आठवी बोलण्याची, दहावी ऐकण्याची. बोर्डाची बोलणारी टाचणी तारेच्या ऐकणाऱ्या टोकाला जोडायची. सरळ जोडली तर दोघेही बोलतात आणि ऐकत कोणी नाही. 'कॉन्फिग' फाईलमध्ये यूआर्ट सुरू करण्याची ओळ घालायची, हुकुमाच्या ओळीत सिरियल कन्सोलचे नाव आहे ना ते पाहायचे, आणि गती १,१५,२०० ठेवायची. तार मात्र ३.३ व्होल्टचीच घ्यावी. पाच व्होल्टची लावली तर टाचण्या जळतील, आणि त्या दुरुस्तीला वहीतला कोणताही उपाय उपयोगी पडत नाही.